घरधनी बाहेरगावी असतात

१० फेब्रुवारी

आज माझ्या घराचा पाया आला. ट्रॅक्टरच्या मागे, धूळ उडवत, चार चाकांवर! कारंज्याचे रऊफभाई वेल्डर स्वतः सोबत आले होते, मुलीची पाठवणी करायला आल्यासारखे. नुसता लोखंडी सांगाडा आहे, वर फळी नाही की भिंत नाही. तरी मी त्यावर चढले, मधोमध उभी राहिले आणि घर पाहून घेतलं. इथे ओटा, इथे दार, इथे शिडी आणि वर झोपायचा माळा. पुढच्या बाजूला, ट्रॅक्टर जोडतात तिकडे, एक लहान खिडकी. घर चालायला लागलं की त्यातून रस्ता दिसावा म्हणून. रऊफभाई म्हणाले, बाजी, लोक पैले जागा घेतात, तुमी पैले चाकं घेतले. मी म्हटलं, जागा घेतली की तिथेच बसावं लागतं.

मला बसून चालत नाही. आमच्या संस्थेचं काम पाणलोटाचं. रिसोड झालं, मानोरा झालं, आता कारंजा. दर तालुक्याला नवी खोली, नवा घरमालक आणि तेच जुने प्रश्न. बापाच्या घरात राहिले, भावाच्या घरात राहिले, वॉर्डनबाईंच्या राज्यात राहिले. आता चौतिसाव्या वर्षी मला माझ्या घरात राहायचंय. दुसरी कुठलीही हौस मला नाही. अकोल्याच्या आयटीआयमध्ये सुतारकामाच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, ते शिक्षण आता कामी येणार. एकही स्क्रू दुसऱ्याच्या हातानं लागू द्यायचा नाही असं ठरवलंय. आपला हात जगन्नाथ.

जागा धनजच्या शिवारातली, पंजाबरावांच्या शेताचा रस्त्याकडचा कोपरा. एक मोठा कडुनिंब, पलीकडे विहीर, बाकी सगळा काढणीला आलेला हरभरा. पंजाबराव साठीचे असतील, पांढरी टोपी, सरळ माणूस वाटला. त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, त्यावरून जे समजायचं ते समजून घेतलं आणि तरीही कोपरा दिला, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. मग यायचा तो प्रश्न आलाच. अन घरधनी कुठी हाय?

घरधनी बाहेरगावी असतात, मी म्हटलं.

हे वाक्य आता न अडखळता येतं. एकट्या बाईला कुणी जागा देत नाही, नवरा बाहेरगावी असलेल्या बाईला देतात. तो कधीच येत नाही याबद्दल कुणाची काही तक्रार नसते. म्हणून मी आठवडी बाजारातून एक काळी पोत घेतली, गळ्यात घातली आणि नवरा बाहेरगावी पाठवून दिला. गुणी माणूस आहे. जेवत नाही, घोरत नाही, टॉवेल ओला करून पलंगावर टाकत नाही. घरधनी म्हणजे नवरा आणि घरधनी म्हणजे घराचा मालकही, आपल्या लोकांनी एकाच शब्दात दोन्ही उरकून घेतलंय. या घराची धनी मात्र मी आहे.

१६ फेब्रुवारी

जमीन झाली. म्हणजे तळ झाला, पण मला जमीन म्हणायला आवडतं. खाली पत्रा, मध्ये थर्माकोल, वर प्लाय. दुपारी चपला काढून त्यावर फिरले आणि मग सरळ आडवी झाले.

कमलीबाई तेव्हाच आली. जवळच्या तांड्यावरची, पंजाबरावांकडे हरभरा उपटायला येते. हातात भाकरीचं फडकं, तोंडात सतत बडबड. माझ्या जमिनीवर बसून जेवली, अर्धी भाकर मला दिली आणि म्हणाली, घर दोन हातानं होत नाही वो ताई, चार हात लागते. मी म्हटलं, माझे दोनच पुरे. त्यावर ती हसली आणि धन्याची चौकशी सुरू केली. काम काय करते? दिसाले कसे हाय? काहून येत नाहीत?

खरं तर तिथेच विषय तोडायचा. पण अंगात ऊन होतं, पोटात तिची भाकर होती, मन खुशीत होतं. मी रचत गेले. रस्त्याच्या कामावर मोठं मशीन चालवतात. उंच आहेत, दारातून वाकून यावं लागतं. डावखुरे आहेत. बोलतात कमी. हे शेवटचं सांगताना मला हसू आलं, कारण न बोलणारा नवरा ही काही मी शोधून काढलेली गोष्ट नाही. कमलीबाईनं मान डोलावली. नाव मात्र मी सांगितलं नाही. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, या रिवाजाचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

२८ फेब्रुवारी

वाशीमला मीटिंग होती. सकाळी निघताना उजव्या भिंतीचे खांब उभे होते, डाव्या भिंतीचे कापून खाली रचून ठेवलेले होते. चारच्या सुमारास परत आले तर डावी भिंतही उभी. आडव्या रिपा ठोकलेल्या, कोपरे जोडलेले. ओळंबा लावून पाहिला तर खांब सरळ. राग यावा की आनंद व्हावा हेच कळेना.

पंजाबराव विहिरीवर मोटर बंद करत होते. त्यांना विचारायच्या आधीच ते म्हणाले, आलते ना पाहुणे, दुपारभर ठोकत होते. पानी देलं म्या. लय कमी बोलते, पण हात चांगला हाय गड्याचा.

कोण पाहुणे, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्यांनी पुढे म्हटलं, तुमचे घरधनी वो! आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं. मी ते पाहणं ओळखते. कितीतरी घरमालकांनी मला असं पाहिलंय. नवरा खरंच आहे की थाप आहे, हे तपासायचं असतं त्यांना. म्हाताऱ्यानं कुणाला तरी कामाला लावलं असणार आणि आता मी काय बोलते ते पाहतोय. मी कोण पाहुणे म्हटलं असतं तर थाप पकडली गेली असती, उद्या कोपरा खाली करा म्हणाले असते.

म्हणून मी म्हटलं, हो का, आले होते? बरं झालं.

एवढं सोपं नाही मला पकडणं.

३ मार्च

इथे पाणी मुरतंय. आज त्या डाव्या भिंतीच्या रिपा नीट पाहिल्या. खिळा ठोकताना हातोडी थोडी घसरली की लाकडावर चंद्रकोरीसारखा टवका पडतो. माझे टवके नेहमी खिळ्याच्या एकाच बाजूला पडतात, कारण मी उजव्या हातानं ठोकते. या भिंतीवरचे सगळे दुसऱ्या बाजूला आहेत. ठोकणारा डावखुरा होता.

डावखुरं असल्याचं मी फक्त कमलीबाईला सांगितलं होतं. तिनं तांड्यावर सांगितलं असणार, तांड्यावरून पंजाबरावांना कळलं असणार आणि सगळ्यांनी मिळून माझी मजा करायची ठरवली असणार. डावखुरा माणूस शोधून आणण्यापर्यंत मजल गेली म्हणजे फारच झालं. तिला आडून विचारलं, तांड्यात डाव्या हातानं काम करणारं कुणी आहे का. ती म्हणाली, नाही वो, अन डोयानं पाह्यलं त्यायले म्या. तुमी सांगतलं तसेच हाय.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. खोटं बोलणारं माणूस मला लगेच कळतं, मीच त्यातली आहे. ती खोटं बोलत नव्हती. म्हणजे माझ्यापेक्षाही सराईत असली पाहिजे.

९ मार्च

खिडक्यांच्या बिजागऱ्या आणायला कारंज्याला गेले. रऊफभाईंनी स्टूल पुढे केलं, चहा मागवला आणि म्हणाले, भाईसाब येऊन गेले परवा. मी चहाचा कप उचलला. ते सांगत गेले. दाराले बाहेरून जाड कडी पाह्यजे म्हणले, ट्रॅक्टरनं घर नेतानी दार उघडू नाही म्हणून. करून देली म्या. आदमी सयाना हाय, बाजी. फक्त नाव इचारलं तर हासले अन म्हणे, बाईलेच इचारा, थे सांगीन तवाच.

रऊफभाईंचा आणि पंजाबरावांचा काही संबंध नाही. कमलीबाई तर कारंज्याला वर्षातून एकदा येते. मग या तिघांना जोडणारा कोण? बसमध्ये खिडकीला डोकं टेकून हाच विचार करत आले. कुणीतरी खराखुरा माणूस आहे, हे नक्की. माझ्या थापेची बातमी त्याला लागली आणि तो त्या थापेत घुसून बसलाय. बाई एकटी, घर आयतं. एकदा सगळा गाव त्याला धनी म्हणायला लागला की मी कुणाकडे दाद मागणार? त्याला माझं घर हवंय.

परत आले तर कडी दाराला लागलेली होती. दार तरी मी कालच बसवलं होतं. मी बसून तिचे बोल्ट काढायचा प्रयत्न केला. वेल्डिंग केलेलं आहे. निघत नाही.

१५ मार्च

काल धुळवडीची सुट्टी होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी कडुनिंबाखाली बसून होते, घराकडे तोंड करून, मांडीवर पटाशी घेऊन. म्हटलं येऊ दे, आज समोरासमोर होऊन जाऊ दे. रस्त्यावरून रंगलेली पोरं गेली, कुत्री गेली, एक ऑटो गेला. घराकडे कुणीही फिरकलं नाही. संध्याकाळी मला स्वतःचंच हसू आलं आणि कित्येक दिवसांनी नीट जेवले.

आज सकाळी पंजाबराव दातात काडी घालून आले. खुशीत होते. म्हणाले, काल बरं वाटलं पाहून. सदा आपली बाई एकटीच राबते. काल दोघं कसे लिंबाखाली बाजूबाजूले बसले होते दिवसभर!

मी म्हटलं, हो.

का म्हटलं? अजून का म्हणतेय मी हो?

२२ मार्च

पत्र्याचं छप्पर झालं, आतून प्लाय झाला, ओटा झाला. खरं लिहायचं तर यातलं अर्धं मी केलं. ऑफिसला जाऊन येते तोवर उरलेलं होऊन जातं. आता मी टवके पाहत नाही. घर सुंदर झालंय आणि मला त्याचा तिरस्कार वाटायला लागलाय, मग लगेच रडू येतं, कारण त्याचा काय दोष?

ठरवलंय. पाडव्याला घरभरणी करायची, सगळ्यांना बोलवायचं आणि सगळ्यांसमोर खरं सांगायचं. मला नवरा नाही, नव्हता, मी थाप मारली. कोपरा गेला तर जाऊ दे. चाकं कशाला लावलीत मग? दुसऱ्या गावी नेईन. माझं घर माझ्याकडे राहिलं म्हणजे झालं.

३० मार्च, पाडवा

सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी वंदना घेतली, खीर केली. पंजाबरावांच्या घरच्या काकू आल्या, कमलीबाई तांड्यावरच्या बायकांना घेऊन आली. सगळ्या दाटीवाटीनं आत बसल्या, ओट्याला हात लावून पाहत होत्या. शिडी होती, पण वर माळ्यावर कुणी चढलं नव्हतं. मी खिरीच्या वाट्या दिल्या आणि म्हटलं, मला तुम्हाला एक सांगायचंय.

तेवढ्यात कमलीबाईनं दारात आडवा हात धरला. नाव घ्या! घरभरणी हाय, नाव घेतल्याबिगर सोडत नाही. मग सगळ्याच मागे लागल्या. मी म्हणत होते, ऐका, नाव नाहीच, तेच सांगतेय. त्यांना वाटलं मी लाजतेय. काकूंनी माझी हनुवटी धरून वर केली. टाळ्या, गलका, ऊन, खिरीचा वास. एकदा हे संपू दे, मग सांगते, असं मनात आलं आणि तोंडाला येईल ते नाव घेऊन मोकळी झाले.

चाकांवर उभं घर, कडुनिंबाची सावली दाट,
रविकांतरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.

रविकांत नावाचं मी कुणालाही ओळखत नाही. जमलं तसं आलं तोंडात.

आणि वरून, माळ्यावरून, कुणीतरी हुंकार दिला.

नाव घेतलं की नवरा देतो तसा. हं. बस, एवढाच. बायका खुदखुदल्या, एकीनं पदर डोक्यावर ओढून घेतला. काकू हळूच म्हणाल्या, धनी वरतीच हायत, सांगतलं नाही तुमी. आणि एकेक करून सगळ्या उठल्या, वाट्या धुऊन उपड्या ठेवल्या आणि नवराबायकोच्या मध्ये कायले बसायचं असं म्हणत गेल्यासुद्धा.

मी शिडी चढून वर पाहिलं. दिवसाउजेडी पाहिलं. कुणी नव्हतं. गादी मात्र एका बाजूला दबलेली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर येऊन सपाट झाली.

१ एप्रिल

माळ्यावरचा पलंग मी एकटीच्या मापाचा केला होता. आज तो दोघांच्या मापाचा आहे. शेजारी फळी जोडलीय. सांधा इतका साफ की बोट फिरवलं तरी लागत नाही.

मी पंजाबरावांच्या ओसरीत झोपते. काकूंना ते आवडलेलं नाही. धनी आले अन तुमी लोकायच्या ओसरीत? लोक काय म्हणतीन, ताई?

३ एप्रिल

पंजाबरावांना सांगितलं. सगळं. मला नवरा नाही. पोत बाजारातली आहे. रविकांत नावाचा माणूसच नाही. पहिल्या दिवशी खोटं बोलले, हात जोडते, माफ करा, पण आता माझं ऐका.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. मला बसवलं, पाणी दिलं आणि अगदी मायेनं म्हणाले, असं म्हणाल तुमी, थे सांगून गेलेच होते मले. म्हणे कधी कधी तिले असं होते, मी नाहीच म्हणते. तवा तुमी बोलू नका, नुसतं आयकून घ्या.

आणि ते नुसतं ऐकून घेत राहिले. मी ओरडले तेव्हासुद्धा.

४ एप्रिल

ऑफिसला फोन केला. म्हटलं, गाडी पाठवा, मला इथून न्या. उज्ज्वला मॅडम म्हणाल्या, अगं तू आराम कर, सकाळीच तुझ्या मिस्टरांचा फोन येऊन गेला, रजा टाकलीय त्यांनी. एवढी तब्येत बिघडली आणि बोलली नाहीस ती? आणि लग्न झाल्याचंही कधी बोलली नाहीस!

ऑफिसमध्ये मी कधी थाप मारली नव्हती. तिथे मी एकटीच होते. ती एकच जागा होती.

५ एप्रिल

सकाळी बॅग घेऊन फाट्यावर गेले. अकोल्याची एसटी आली, उभी राहिली, कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी चढले नाही. भावाच्या दारात बॅग घेऊन उभी राहायची? परत कुणाच्या तरी घरात? माझं घर तिकडे झाडाखाली उभं आहे. मी का जाऊ?

परत येताना कमलीबाई भेटली. उद्या रामनवमी, अख्खा तांडा पोहरादेवीला निघाला होता, ती टेम्पोत सामान चढवत होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, मला एकदा शेवटचं नीट सांग, तो दिसतो कसा. ती हसली. उंच हाय, वाकून चालते. डावखुरे हाय. बोलत नाहीत. तुमी सांगतलं तसेच, ताई.

मी विचारलं, नाक कसं आहे? डोळे? रंग काळा की गोरा?

ती सांगायला तोंड उघडून थांबली. आठवायला लागली. बराच वेळ आठवत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

थे तुमी सांगतलंच नाही, ती म्हणाली.

तिनं हात सोडवून घेतला. टेम्पो निघाला तरी ती माझ्याकडे पाहत होती. चल म्हणाली असती तर गेले असते. ती घाबरली होती, तिला तरी काय म्हणू?

पण एक गोष्ट तिच्यामुळे कळली. तो कुणी माणूस नाही, माझ्या घरावर डोळा ठेवून आलेला चोर नाही. मी जेवढा सांगितला तेवढाच तो आहे. मी हो म्हटलं, तो आला. मी नाव घेतलं, त्यानं हुंकार दिला. मग मी जा म्हटलं तर गेला पाहिजे. बाहेरगावी तो माझ्याच शब्दानं होता, माझ्याच शब्दानं परत जाईल.

घराच्या दारात उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं. रविकांतराव, तुमची सुट्टी संपली. उद्या तुम्हाला बाहेरगावी जायचंय.

वर माळ्यावर फळी करकरली. मग शांत.

६ एप्रिल, रामनवमी

सकाळी दहा

गेला! घर रिकामं आहे. आत पाऊल टाकताच कळलं. रिकाम्या घराचा एक आवाज असतो, माझा जन्म गेलाय तो ऐकण्यात. मी रडले, मग झाडू घेतला. खिडक्या पुसल्या. पोत काढून चुलीत टाकली. आजपासून जो विचारेल त्याला खरं सांगायचं, कानाला खडा. दुपारी माळ्यावरची ती जास्तीची फळी काढणार. माझं घर. माझं. चारदा लिहिलं तरी समाधान होत नाही.

बारा वाजून गेले

फळी निघत नाही. एकही खिळा नाहीये तिच्यात. नुसती चिकटलीय, एकाच झाडाची असल्यासारखी.

बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. पंजाबरावांचा असावा. आज तर सगळी कामं बंद आहेत.

खाली उतरले. दार लागलेलं. ढकललं. बाहेरून कडी

हाका मारल्या. पंजाबराव अगदी भिंतीला लागून बोलतायत, शब्दन् शब्द ऐकू येतोय. कुणाशी तरी बोलतायत. दुसरा आवाज ऐकू येत नाही. काहून एवढी घाई, रविकांतराव, जेवून गेले असते. – बरं, सुट्टी सरली म्हणता. – बाईलेही संगं नेता, हे बेस केलं. एकटी कायले राह्यते ती. –

मी दोन्ही हातांनी पत्रा बडवला. मला नेऊ नका म्हटलं. मला नवरा नाही म्हटलं.

ते म्हणाले, हो ताई. हो हो. किती मायेनं म्हणाले.

फोन त्यांच्याच घरी चार्जिंगला. बाजूच्या खिडक्यांना मीच गज बसवलेत, चोरांसाठी. हातोडी होती इथे ओट्यावर. आत्ता होती –

चाकांखालचे दगड काढले. घर हललं. भांडी पडली.

मी जा म्हटलं होतं. एकट्यानं जा, असं म्हटलंच नव्हतं.

कडुनिंब मागे गेला. विहीर. फाटा. कोणता रस्ता हा –

पुढच्या खिडकीशी बसून लिहितेय. काच ठोकतेय आणि लिहितेय. ट्रॅक्टर पंजाबरावच चालवतायत. त्यांना वाटतंय ते आमचं भलं करतायत. आत्ता वळून पाहिलं त्यांनी. हसले. मी हात हलवला, जोरात, थांबा म्हणून – त्यांनी पण हात केला, राम राम घालतात तसा, टोपीला लावून – पण माझ्याकडे पाहून नाही. माझ्या डोक्यावरून वर. माझ्या मागे, जरा उंच, जिथे वाकून उभ्या राहिलेल्या माणसाचं तों